प्रचारात विरोध, सत्तेत सही : मुक्त व्यापार करारांवर नेत्यांनी शब्द फिरवणं कितपत क्षम्य?

कोरापान :
फेब्रुवारी २००८. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडच्या वादचर्चेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणारे ओबामा आणि हिलरी क्लिंटन दोघांनीही ठासून सांगितलं, की नाफ्टाच्या, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या, वाटाघाटी पुन्हा करायला लावू, त्यासाठी बाहेर पडण्याची धमकीही देऊ. ओहायोतलं मतदान आठवड्यावर आलं होतं. कारखान्यांना टाळं लागलेल्या त्या राज्यात लोक हेच ऐकायला आसुसले होते.

मतदानाच्या तोंडावर एक टिपण फुटलं. ओबामांचे आर्थिक सल्लागार ऑस्टन गूल्सबी शिकागोतल्या कॅनडाच्या वाणिज्य दूतावासात जाऊन आले होते. तिथल्या अधिकाऱ्याने नोंदवलं होतं, की हे बोलणं धोरण म्हणून कमी आणि राजकीय पवित्रा म्हणून जास्त घ्यावं. आपण तसं म्हटलं नव्हतं, असा गूल्सबींचा खुलासा. पण उमेदवारी पक्की झाल्यावर जूनमध्ये खुद्द ओबामांनीच एका मुलाखतीत कबूल केलं, की प्रचारात कधी कधी भाषा जास्त तापते. पुढे त्यांच्या आठ वर्षांत नाफ्टाच्या वाटाघाटी काही पुन्हा झाल्या नाहीत.

दक्षिण कोरिया आणि कोलंबियाबरोबरच्या करारांनाही त्यांचा विरोध होता. कोलंबियात कामगार नेत्यांचे खून होतात आणि मारेकरी मोकळे राहतात, हे त्यांनी ऑक्टोबर २००८च्या वादचर्चेत सांगितलं होतं. २१ ऑक्टोबर २०११ला या दोन्ही करारांच्या कायद्यांवर त्यांचीच सही झाली. मत बदलायला माझी हरकत नाही. पण ज्या मुद्द्यावर मतं मागितली, त्यावर उलटं वागायचं तर आधी लोकांसमोर येऊन ते मांडायला हवं. एरवी ही सरळ फसवणूक आहे.

रानवाट :
साफ असहमत. कोरियाचं उदाहरण तर तुमच्या विरोधात जातं. बुश सरकारने २००७ साली केलेला करार ओबामांनी तसाच्या तसा पुढे रेटला नाही. मूळ करारात बहुतेक कोरियन मोटारींवरचं २.५ टक्के शुल्क लगेच जाणार होतं. डिसेंबर २०१०च्या वाटाघाटींत ते पाचव्या वर्षापर्यंत टिकवलं. कोरियाने आपलं ८ टक्के शुल्क तत्काळ निम्म्यावर आणलं. अमेरिकी सुरक्षा मानकांवर बनलेल्या गाड्या कोरियात विकायची मर्यादा दर कंपनीमागे वर्षाला ६,५०० होती, ती २५,००० झाली. विरोधात असलेली फोर्ड आणि वाहन कामगारांची संघटना दोघंही त्यानंतर पाठिंब्याला आले. प्रचारात मोटारींचंच गाऱ्हाणं मांडलं होतं आणि मोटारींचंच कलम बदलून घेतलं. याला शब्द फिरवणं म्हणत नाहीत, शब्द वसूल करणं म्हणतात.

कोरापान :
कोरियापुरतं मान्य, जरी एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाचा विरोध शेवटपर्यंत कायम होता. पण कोलंबियाचं काय? तिथे एप्रिल २०११मध्ये कामगार हक्कांचा कृती आराखडा झाला, तो कराराच्या बाहेर. कराराच्या मजकुरात त्याला जागा नाही. ओबामांनी खुनांचा मुद्दा नैतिक म्हणून मांडला ना? मग त्याचं उत्तर करारातच हवं होतं. प्रतिनिधीगृहात त्यांच्याच पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांनी कोलंबिया कराराविरुद्ध मत दिलं, ते उगाच नाही.

भरतीओहोटी :
उलट्या दिशेची कोलांटीही बघा. परराष्ट्रमंत्री असताना २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये हिलरी क्लिंटन यांनी टीपीपीची, म्हणजे पॅसिफिक महासागराभोवतीच्या देशांच्या व्यापार कराराची, तारीफ करताना त्याला व्यापार करारांचा सुवर्णमापदंड म्हटलं. ५ ऑक्टोबर २०१५ला वाटाघाटी संपल्या आणि ७ तारखेला त्यांनी विरोध जाहीर केला. पूर्ण मजकूर जनतेसमोर आला तो नोव्हेंबरात! दोन दिवसांत कुठलं कलम खटकलं, हे मतदाराला पडताळून पाहायची सोयच नव्हती. अशाने त्यांच्या विरोधावर विरोधकांचाही विश्वास बसला नाही आणि समर्थक देशही दुखावले. मला तर हा प्रकार ओबामांपेक्षा वाईट वाटतो.

रानवाट :
क्लिंटन यांचा बचाव मी करणार नाही. पण 'लोकांसमोर परत या' हे बोलायला सोपं आहे. कॅनडात १९९३ साली क्रेटियन यांच्या लिबरल पक्षाने नाफ्टा नव्याने ठरवण्याचं वचन दिलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी निवडणूक जिंकली. करार १ जानेवारी १९९४ला लागू व्हायचा होता. हातात दोन महिने आणि समोर तिन्ही देशांच्या सह्या झालेला कागद. फेरनिवडणूक घ्यायची का? सत्तेवर येणारा माणूस वाटाघाटींच्या मध्यावर किंवा शेवटी येतो. उमेदवाराला ही मर्यादा नसते.

कोरापान :
ती मर्यादा निवडणुकीआधी त्यांना ठाऊक नव्हती का? सह्या तर १९९२च्या डिसेंबरातच झाल्या होत्या. ठाऊक असूनही वचन दिलं, हाच माझा आक्षेप आहे. आणि कॅनडातच याच्या उलट उदाहरण आहे. १९८३ साली पक्षनेतेपदासाठी लढताना मल्रोनी अमेरिकेबरोबरच्या मुक्त व्यापाराच्या विरोधात होते. पंतप्रधान झाल्यावर त्यांनीच करार केला. पण १९८८ची अख्खी निवडणूक त्या करारावर लढली गेली. लोकांनी कौल दिला, मग करार लागू झाला.

रानवाट :
तो कौल त्यांनी आपणहून मागितला नव्हता. लिबरल बहुमताच्या सिनेटने अडवलं म्हणून निवडणूक झाली. मल्रोनींना ४३ टक्के मतं मिळाली. कराराला विरोध करणाऱ्या दोन्ही पक्षांची मिळून निम्म्याहून जास्त होती. तरी जागा त्यांच्याच जास्त आल्या. त्यामुळे 'लोकांनी होकार दिला' हे विधान जरा जपून करा.

कोरापान :
टक्केवारी मान्य. तरी करार काय आहे हे मत देणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. ओहायोच्या मतदाराला २००८ साली ते भाग्य मिळालं नाही. उमेदवाराने 'नाफ्टा मोडू' अशी गर्जना करण्यापेक्षा कुठलं कलम, कसं बदलणार आणि समोरच्याने नकार दिला तर काय करणार, एवढं सांगावं. मग पुढे माघार घेतली तरी ती कुठून कुठवर घेतली, हे मोजता येईल.

भरतीओहोटी :
ट्रम्प यांनी २०१६चं वचन पाळलं, हेही नोंदवायला हवं. टीपीपीतून ते जानेवारी २०१७मध्ये बाहेर पडले. नाफ्टाच्या जागी नवा करार १ जुलै २०२०ला लागू झाला. मोटारीत उत्तर अमेरिकेत बनलेल्या भागांचा वाटा ६२.५वरून ७५ टक्के आणि मोटारीचा ठरावीक हिस्सा तासाला सरासरी किमान १६ डॉलर मजुरी असलेल्या कामगारांच्या हातचा, अशी कलमं त्यात आली. पण २०२५मध्ये त्यांनीच कॅनडा आणि मेक्सिकोवर २५ टक्के शुल्क लावलं. नंतर कराराच्या अटींत बसणाऱ्या मालाला सूट द्यावी लागली. कोरापान, ही माघार तुमच्या मोजपट्टीवर कुठे बसते?