‘चेक’ हा एकच शब्द आहे, दहा नाहीत

काटशह:
परवापासून एक पोस्ट फिरते आहे. तिचा सारांश असा: इंग्रजी ही दरिद्री भाषा, कारण बँकेचा कागद, तपासणी, शर्टावरच्या चौकटी, बुद्धिबळातला शह आणि अडवणूक या सगळ्यांना मिळून तिच्याकडे एकच ‘चेक’, आपल्याकडे प्रत्येकाला स्वतंत्र शब्द. आणि शेवटी ठोकून दिलंय की चेक मुळात ‘चक्र’वरून आला, कारण पैसा फिरतो. दरिद्री वगैरे मी सोडून दिलं असतं. चक्र वाचलं आणि राहवलं नाही.

चेक म्हणजे फारसी ‘शाह’. राजा. समोरच्या राजावर मोहरा रोखला की खेळणारा ‘शाह!’ म्हणून सावध करायचा. अरबांकडून तो शब्द युरोपात गेला, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झाला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि चौदाव्या शतकापर्यंत इंग्रजीत ‘चेक’. त्याच एशेकचं अनेकवचन घासून ‘चेस’ झालं.

आता अर्थ कसे फुटले ते बघा. शह बसला की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी राजा सोडवावा लागतो. डाव थबकतो. म्हणून चेक म्हणजे थांबवणं, लगाम घालणं. लगाम हातात ठेवायचा तर नजर ठेवावी लागते, म्हणून पडताळणी. अठराव्या शतकात बनावट कागद ओळखता यावा म्हणून मागे ठेवलेल्या स्थळप्रतीला चेक म्हणत. तिचं नाव सरकत सरकत मुख्य कागदाला चिकटलं. दुसरी फांदी बुद्धिबळाच्या पटाची. पटासारखं कापड ते चेक्सचं.

आणि इंग्लंडच्या खजिन्याला ‘एक्सचेकर’ म्हणतात तेही याच पटावरून. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७७च्या सुमारास त्या मेजाचं वर्णन लिहून ठेवलं आहे: दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच कठडा, वर काळं कापड, त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा. रकान्यांत सोंगट्या मांडून हिशेब. तो म्हणतो, पटावर जशी दोन राजांची लढाई, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ (परगण्याचा महसूल गोळा करणारा अधिकारी) यांची. एकाने हिशेब मागायचा, दुसऱ्याने द्यायचा.

ज्या मराठीला स्वतंत्र शब्द आहे म्हणून पोस्टकर्ता छाती फुगवतो, तो ‘शह’ आणि इंग्रजी ‘चेक’ सख्खे भाऊ आहेत. चक्र कुठून आणलं?

सरळरेषा:
चक्र चूक, मान्य. बाकी लेख वाचायला छान आहे, पण शीर्षक साफ चुकलंय. मूळ एक म्हणून शब्द एक ठरत नाही. मी वीस वर्षं भाषांतर करून पोट भरतो. बुद्धिबळ शिकवणारी एक पुस्तिका मराठीत करायची होती. काम देणाऱ्यांनी सोबत शब्दसूची दिली आणि तिच्याबाहेर जायचं नाही अशी तंबी. सूचीत चेकला एकच प्रतिशब्द. परिणाम: पान ११ वर ‘पांढऱ्या वजिराने काळ्या राजाला धनादेश द्यावा’. मी कळवलं, कोणी ऐकलं नाही, आणि ते तसंच छापलं गेलं. हे होतं ‘एकच शब्द आहे’ या अट्टाहासाने. वापरणाऱ्याच्या डोक्यात हे चार वेगळे शब्द आहेत. तुमचा शाह त्याच्या डोक्यात नाही.

काटशह:
ती चूक सूची करणाऱ्याची. मूळ माहीत असतं तर त्याने असली सूची केलीच नसती.

सरळरेषा:
मूळ माहीत असण्याचा काडीचा संबंध नाही. अर्थ माहीत हवे होते. इंग्रजीतल्या ‘सेट’चे ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ४३० अर्थ दिलेत. त्यांचं मूळ पाठ करून कोणी भाषांतर करतं का?

जुनी खतावणी:
मधे पडतो. क्यू-यू-ईवाला चेक (cheque, बँकेचा) आणि सी-केवाला चेक (check, बाकीचे सगळे) यांत फरक आहे हे दोघेही विसरलात. शाळेत असताना मी बँकेचा ‘चेक’ असलेल्या वाक्यात सी-के लिहिलं आणि पूर्ण वाक्याचे गुण गेले. पुढे कळलं, अमेरिकेत बँकेचा चेकही सी-केनेच लिहितात आणि तो तिथे बरोबर. क्यू-यू-ई तर नंतर चढवलेलं, एक्सचेकरच्या रुबाबावरून. मूळ कागदावर ते नव्हतंच. ज्या स्पेलिंगसाठी मला बाकावर उभं केलं ते स्पेलिंगच मागाहून चिकटवलेलं निघालं. चाळीस वर्षं झाली, तरी तो बाक आठवतो.

सरळरेषा:
घ्या. म्हणजे खुद्द इंग्रजांनाच दोन वेगळे शब्द वाटले, म्हणून त्यांनी दोन स्पेलिंगं केली. माझंच म्हणणं झालं.

शीर्षबिंदू:
स्पेलिंगने वेगळे करायची सोय इंग्रजांनी केली. आपण काय केलं? होती ती सोय मोडली. ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी. एक टिंब होतं. ते टिंब शोभेचं नव्हतं. ‘नाम’मधला ‘म’ झिजून तिथे बसला होता. होडीची नाव आली ‘नौ’वरून, तिथे अनुनासिकच नव्हतं, म्हणून टिंबही नव्हतं. १९६२चे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चार होत नाही असे सगळे अनुस्वार पुसले. आता ‘नाव बुडाली’ आणि ‘नाव बुडालं’ यातला फरक क्रियापदावर सोपवायचा.

अडीच घर:
क्रियापदावरून कळतं ना? मग अडचण काय?

शीर्षबिंदू:
‘ते’चं कळतं का सांगा. ‘तें’ म्हणजे ते पुस्तक, एकवचन, नपुंसकलिंग. ‘ते’ म्हणजे ते लोक, अनेकवचन. ‘ते मला आवडतं’ आणि ‘ते मला आवडतात’. क्रियापद येईपर्यंत वाचणाऱ्याने श्वास धरून बसायचं. आजोबांच्या पत्रांत ‘तें’ दिसलं की वाक्याची बैठक पहिल्या शब्दात कळते. मी ती पत्रं टंकायला घेतली तेव्हा टिंबं ठेवली, तर घरातल्यांनीच ‘शुद्धलेखन तपासून घे’ म्हणून परत पाठवली. अशुद्ध मी!

पहिला बाक:
मी शिकवते, म्हणून बोलते. जे टिंब कोणी उच्चारत नाही ते मुलाने कुठे द्यायचं आणि कुठे नाही, हे त्याला पाठच करावं लागतं. ‘पांच’ला आहे, ‘सात’ला नाही. ‘कांहीं’त दोन. का? संस्कृत आणि प्राकृत माहीत असेल तरच उत्तर मिळतं. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याला ते जमायचं, बाकीचे लाल शाईत बुडायचे. नियम बदलले ते बरं केलं.

शीर्षबिंदू:
सातला नाही कारण ‘सप्त’त अनुनासिक नाही. पांचला आहे कारण ‘पञ्च’त आहे. दोन मिनिटांत समजतं. शिकवायचा कंटाळा असेल तर तसं सांगा.

पहिला बाक:
कंटाळा? साठ मुलांचा वर्ग घेऊन दाखवा आणि मग कंटाळ्याबद्दल बोला. ‘पञ्च’ ज्या मुलाने ऐकलेलाच नाही त्याला तुमची दोन मिनिटं काय कामाची? आणि अनुस्वार मेला वगैरे रडू नका. ‘केलं, गेलं, असं’ यांवर तुम्ही आत्ता टिंब देताय तेही त्याच नपुंसकलिंगी अनुस्वाराचं आजचं रूप आहे. जिथे ते बोलण्यात उरलं तिथे लेखनातही उरलं. नाही उरलं तिथे गेलं.

शीर्षबिंदू:
‘केलं’चं मान्य. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण ‘नांव’ परत द्या.

काटशह:
मंडळी, विषय ‘चेक’ होता.

शीर्षबिंदू:
विषय तोच आहे! लिहिण्यात मूळ राखायचं की नाही. क्यू-यू-ई राखा म्हणणारा आणि नांव राखा म्हणणारा यांत फरक काय?

जुनी खतावणी:
मोठा फरक आहे. तुमचं टिंब मुळातून आलेलं. ते क्यू-यू-ई मागून घुसवलेलं. मी तुमच्या बाजूने नाही, तरी एवढं सांगतो.

अडीच घर:
मला मूळ लेखातलं पुढचं विचारायचंय. ‘शहमात’चं काय? लहानपणी मामांनी बुद्धिबळ शिकवलं. पहिल्याच डावात मी हरले तेव्हा ते म्हणाले, ‘शहमात म्हणजे राजा मेला.’ मी आठ वर्षांची. राजा मुठीत घेतला आणि उघडायला तयार नाही. रात्री झोपेतही तो हातात होता, सकाळी तळव्यावर त्याच्या मुकुटाचे वळ. नंतर स्पर्धा खेळायला लागले आणि एक गोष्ट खटकत राहिली: या खेळात राजा कधीच मारला जात नाही. पटावरून उचललाही जात नाही. बाकी सगळे मोहरे मरतात. मग ‘मेला’ कुठून आलं?

काटशह:
अरबीत ‘मात’ म्हणजे मेला, म्हणून कित्येक कोशांनी ‘राजा मेला’ असंच दिलं. पण फारसीत ‘मात’ म्हणजे थक्क, हतबल, काही सुचेनासा झालेला. आजही तिथे तोच अर्थ चालतो. खेळ अरबांकडे गेला तो फारसी लोकांकडून, तेव्हा शब्द फारसी धरणं जास्त पटतं. राजा मरत नाही, त्याला हलायला घर उरत नाही. तुमचा पटावरचा अनुभव बरोबर आहे.

सरळरेषा:
हे मात्र पटलं. मराठीत ‘संकटावर मात केली’ म्हणतो तेव्हा संकटाला मारून टाकलं असं कुठे म्हणतो? निरुत्तर केलं, एवढंच.

काटशह:
तीच ती मात. आणि आता तुम्ही स्वतः मूळ वापरून अर्थ लावलात.

सरळरेषा:
वापरावरून लावला! आणि मूळ-मूळ करणाऱ्यांची फसगत कशी होते तेही ऐका. ‘चेकमेट’मधला मेट आणि इंग्रजीत मित्राला म्हणतात तो मेट, दिसायला अगदी एक. नाळ मात्र तुटलेली. मित्रवाला आला जर्मेनिक बोलीतून, मूळ अर्थ एकत्र जेवणारा, आणि त्याचं नातं मांस या अर्थाच्या ‘मीट’शी, जेव्हा मीट म्हणजे कुठलंही अन्न होतं. तो ‘चेक प्रजासत्ताका’तला चेक घ्या. देवनागरीत तर एका अक्षराचाही फरक नाही, आणि शाहाशी त्याचा संबंध शून्य. म्हणून मी म्हणतो, अर्थ बघा.

काटशह:
आणि हे दोन मेट वेगळे आहेत हे तुम्हाला कशावरून कळलं? अर्थावरून नव्हे. मुळावरूनच.

पहिला बाक:
खरंय ते. मी वर्गात ‘पान’ शिकवते. झाडाचं पान, वहीचं पान, पत्त्याचं पान. मुलं आपणच सांगतात की सगळी पातळ, सपाट, म्हणून एकच शब्द. मग ‘मान’ देते. मान वळवली आणि मान दिला. मुलं इथेही गोष्ट रचतात: मान ताठ ठेवतो त्याला मान मिळतो. सुंदर गोष्ट, आणि चूक. गळ्याची मान ‘मन्या’वरून, आदराचा मान वेगळा. अर्थावर विसंबलं तर दोन्हीकडे गोष्ट जुळते. ती पोस्ट लिहिणाऱ्याचं असंच झालं. पैसा फिरतो, चक्र फिरतं, जुळलं.

जुनी खतावणी:
आणि एक. हिंदीत ‘शह देना’ म्हणजे चिथावणी देणं, पाठबळ देणं. मराठीत शह देणं म्हणजे अडवणं. अक्षरं तीच, अर्थ उलटे. एकाच घरात राहून शब्द असे पाठमोरे होत असतील, तर भाषांना दरिद्री-श्रीमंत ठरवायला निघालेल्याने आधी एवढं तरी बघावं.

अडीच घर:
शाह पुन्हा क्षत्रियशी जुळतो असं वाचलं होतं. तेही चक्रासारखंच का?

काटशह:
नाही, ते पक्कं आहे. जुन्या पर्शियनमधल्या शिलालेखांत राजाला ‘ख्शायथिय’ म्हटलंय. त्याचा झिजून शाह झाला. संस्कृत ‘क्षत्र’ त्याच कुळातलं, सत्ता या अर्थाचं. म्हणजे बँकेच्या चेकला संस्कृतातलं नातं हवंच असेल तर ते आहे. फक्त ते चक्राशी नाही, आणि मुलीचं नाही, चुलत बहिणीचं आहे. खरं नातं इतकं देखणं असताना खोटं का पसरवायचं, हा माझा राग आहे. चतुरंग इथून निघाला, हत्ती, घोडे, रथ, पायदळ घेऊन. फारसी लोकांनी त्यातल्या राजाला शाह म्हटलं. तो शब्द युरोपभर फिरून खजिन्याच्या मेजावर बसला, कापडावर विणला गेला, कागदावर छापला गेला. असा शब्द दहा तुकडे करून कोशात दहा ठिकाणी पुरायचा?

सरळरेषा:
पुरायचा नाही, पण मांडायचा वेगवेगळा. शह, तपासणी, धनादेश, चौकट, चार नोंदी. शब्दकोश घाईत असलेल्या माणसासाठी असतो. त्याला फिट्झनीलच्या मेजाची लांबी नको असते.

काटशह:
चार नोंदी करा. प्रत्येकीखाली मूळ द्या. एवढंच मागतोय.

सरळरेषा:
एक ओळ देईन. एकच. ‘मूळ: फारसी शाह.’ आणि शीर्षकातलं ‘दहा नाहीत’ तुम्ही काढा.

काटशह:
शीर्षक राहील.

शीर्षबिंदू:
आणि ‘नांव’?