सांदणचे बूट (ग्रुप : सर्व विंग, फक्त महत्त्वाचे)

मृणाल सी-३०४ : सांदण दरीच्या ट्रेकची यादी ज्यांनी केली त्यांना एक विचारायचंय. "वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज, घोटा झाकणारे" असं स्पष्ट लिहिलंय. ह्यांनी काल साडेचार हजार मोजून आणले. आणि आज फिरोजभाई लिफ्टमध्ये सांगतात की हे पाण्यात नेऊ नका. मग खरं कोणाचं?

आदित्य ए-६०२ : मृणालताई, ती यादी मागच्या हरिश्चंद्रगडाची होती. तारीख तेवढी बदलली 🙏

मृणाल सी-३०४ : वा.

फिरोज ए-४०१ : वहिनी, बूट चांगलेच आहेत. पण त्यांचं वॉटरप्रूफ फक्त पाणी घोट्याखाली असेपर्यंत. सांदणला दरीत उतरलं की पाणी गुडघ्यापर्यंत, पुढच्या डोहात कमरेलाही लागतं. वरून एकदा शिरलं की ते अस्तर बाहेर काही सोडत नाही. दोन्ही पायांत एकेक तांब्या घेऊन चालल्यासारखं.

नेने काका बी-१०१ : आम्ही १९७८ साली साध्या कॅनव्हासच्या बुटांत रतनगड केला. काही झालं नाही.

राणे वहिनी : मग फ्लोटर्स चालतील ना? घरात पडलेत.

फिरोज ए-४०१ : पुढून उघडे नकोत. पाण्यानंतर सगळे धोंडेच धोंडे आहेत, अंगठा ठेचकाळतो. शिवाय तळव्याखाली खडे शिरतात, दर दहा पावलांना थांबा.

सावंत (सेक्रेटरी) : विषय निघालाच आहे म्हणून. पॅसेजमध्ये चपलांचे स्टँड ठेवू नयेत असा ठराव झालेला आहे. सी विंग तिसरा मजला, कृपया लक्ष द्यावे.

मृणाल सी-३०४ : सावंत काका, नाव घेऊन बोला. आमचा स्टँड दाराच्या आत आहे. ए-६०२ समोर जाऊन बघा काय आहे ते.

आदित्य ए-६०२ : ते कुरियरचे खोके आहेत ताई.

शिल्पा बी-२०२ : खोक्यांचं राहू दे. मागच्या ट्रेकनंतर वरच्यांनी बूट ग्रिलला उलटे टांगले होते, सगळा चिखल माझ्या कुरडयांवर. अजून कोणी सॉरी म्हटलेलं नाही.

*हा मेसेज डिलीट केला आहे*

शिल्पा बी-२०२ : वाचला मी. 🙂

संकेत सी-७०१ : फिरोजभाई, मग घ्यायचं काय? एक ओळीत सांगा.

फिरोज ए-४०१ : एका ओळीत नाही जमत. जाळीचा, हलका, लेसवाला बूट. पाणी आत येऊ द्या, बाजूने निघून गेलं पाहिजे. एक बूट पावणेतीनशे-तीनशे ग्रॅमच्या आसपास बरा. आत जाड फोम नको, तो स्पंज होतो. वेल्क्रोत वाळू अडकली की पट्टा धरत नाही. समुद्रावरचे ते मोज्यासारखे पातळ बूटही नकोत, प्रत्येक दगड टोचतो.

संकेत सी-७०१ : आणि सोल? मोठे दातरे असलेला ना?

फिरोज ए-४०१ : दातरे चिखलाला. ओल्या कातळावर रबर मऊ हवं. दुकानात नखाने दाबून बघ, जरा दबलं पाहिजे. प्लास्टिकसारखं टणक असेल तर कितीही दातरे असू देत, शेवाळावर आपटणार.

नेने काका बी-१०१ : कॅनव्हासच्या बुटाला मऊ रबरच असतं. १९७८.

फिरोज ए-४०१ : काका, त्यात तथ्य आहे. पण कॅनव्हास वाळत नाही, आणि दरी इतकी अरुंद की तळाशी ऊन जेमतेम पोचतं. ओला पाय दिवसभर घासला की फोड. त्यावर सुती मोजे घातले तर विचारूच नका. नायलॉनचे पातळ घ्या.

कुलकर्णी ए-२०३ : मी जुनेच घालणार. पाच वर्षांत दोनदा वापरलेत, नवेकोरे आहेत.

आदित्य ए-६०२ : सर, माझेही नवेकोरेच होते. माळ्यावर ठेवलेले. हरिश्चंद्रगडावर दुपारी सोल गळून पडला, रस्सीने बांधून उतरलो.

राणे वहिनी : हो, तो फोटो अजून आहे माझ्याकडे 😂

फिरोज ए-४०१ : कुलकर्णी सर, काही सोलना पडून पडूनच दमट हवा खाते. आतून भुसा होतो, बाहेरून कळत नाही. दोन दिवस जिने चढून-उतरून बघा. नवे घेणाऱ्यांनी संध्याकाळी जा, पाय तेव्हा फुगलेले असतात. बोटांपुढे जागा ठेवा.

सावंत (सेक्रेटरी) : जिना चढताना आवाज करू नये. स्टँडबाबत पुन्हा विनंती.

नेने काका बी-१०१ : नाशिकची थंडी, आणि आम्ही कॅनव्हासमध्ये.

संकेत सी-७०१ : काका, रतनगड नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे.

नेने काका बी-१०१ : थंडी सगळीकडे होती.

मृणाल सी-३०४ : दुकानदार परत घेत नाहीये. नंबर ९, एकदाही न घातलेले. कोणाला हवेत का? आदित्यने घ्यावेत असं माझं मत.

आदित्य ए-६०२ : ताई, माझा ७.

नेने काका बी-१०१ : ९ आमचाच नंबर. कितीला देणार?

शिल्पा बी-२०२ : काका, वाळवायचे मात्र घरात.