चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकांची विक्री: प्रशिक्षणाने फार्मासिस्टांचे वर्तन बदलते का?

अदिती, सांगली

नमस्कार. मी फार्मसी प्रॅक्टिस या विषयात एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होणारी प्रतिजैविकांची विक्री कमी करणे हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. ठरलेला आराखडा असा: तालुक्याच्या गावातील तीस मेडिकल दुकाने निवडायची, तेथील फार्मासिस्टांकडून ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण यांविषयीची प्रश्नावली भरून घ्यायची, दोन तासांचे प्रशिक्षण द्यायचे आणि महिन्याभराने तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. गुण वाढले तर प्रशिक्षण परिणामकारक ठरले, असा निष्कर्ष काढायचा.

चाचणी म्हणून मी सहा दुकानांत प्रश्नावली भरून घेतली आणि तेव्हापासून मला या आराखड्याबद्दलच शंका येऊ लागली आहे. सहाही फार्मासिस्टांची जवळजवळ सर्व उत्तरे बरोबर आली. विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर प्रतिजैविक चालत नाही, औषध अर्धवट घेतल्यास जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत, चिठ्ठीशिवाय विक्री कायद्याला धरून नाही, हे सगळे त्यांना ठाऊक होते. मात्र त्यांपैकी एका दुकानात मी समोर उभी असतानाच एक गृहस्थ आले आणि घसा दुखतो म्हणाले, तेव्हा त्या फार्मासिस्टांनी पट्टी कापून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या त्यांच्या हातात ठेवल्या. माझ्यापासून काही लपवावे असे त्यांना मुळीच वाटले नाही. प्रश्नावलीतील उत्तर त्यांनी मनापासून दिले होते आणि गोळ्याही तितक्याच सहजपणे दिल्या होत्या.

ज्ञान आधीपासूनच असेल, तर प्रशिक्षणाने नेमके काय बदलणार आहे? आणि प्रश्नावलीवर विसंबायचे नसेल, तर वर्तन मोजायचे कसे? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. माझ्याकडे साधारण नऊ महिने आहेत.

---

मंदार, पुणे

अदिती, प्रबंधाचा खरा विषय तुम्हाला त्या सहा दुकानांतच मिळाला आहे. तो हातचा जाऊ देऊ नका. जे कळते आणि जे केले जाते यांतील अंतर हा फार्मसी प्रॅक्टिसच्या संशोधनातील जुना आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. ग्रामीण बिहारमध्ये बालकांच्या अतिसारावर झालेला, 2015 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच अंतराविषयी होता. कागदावरचा रुग्ण समोर ठेवल्यावर वैद्यकीय सेवा देणाऱ्यांनी सांगितलेले उपचार, आणि रुग्णाची भूमिका वठवणारी प्रशिक्षित व्यक्ती दारात आल्यावर त्यांनीच प्रत्यक्षात केलेले उपचार, यांत फार मोठी तफावत होती. तुमची प्रश्नावली यांपैकी फक्त पहिली गोष्ट मोजते.

दुसरी मोजण्यासाठी ‘बनावट ग्राहक’ पद्धत वापरली जाते. औषधविक्रीच्या संदर्भात तिचा आपल्याकडचा सर्वांत उपयुक्त अभ्यास 2016 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या आवृत्तीत आला. दिल्ली, मुंबई आणि पाटणा येथील 622 औषध दुकानांत प्रशिक्षित व्यक्ती रुग्ण म्हणून गेल्या. काहींनी दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप सांगितला, तर काहींनी थुंकीत क्षयाचे जंतू सापडल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल दाखवून औषध मागितले. प्रतिजैविक किंवा स्टिरॉइड न देता डॉक्टरांकडे पाठवणे, एवढीच योग्य वर्तनाची व्याख्या होती. पहिल्या प्रकारात असे वर्तन 13 टक्के भेटींत दिसले, दुसऱ्यात 62 टक्के. प्रतिजैविके पहिल्या प्रकारात 37 टक्के भेटींत दिली गेली, दुसऱ्यात 16 टक्के. क्षयाची मुख्य औषधे मात्र एकाही शहरात कोणी चिठ्ठीशिवाय दिली नाहीत.

या आकड्यांवरून दुकानदारांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण मला त्यांत वेगळेच काही दिसते. तीच शहरे आणि तशीच दुकाने असूनही, निदानाचा कागद समोर येताच वागणे एवढे बदलले. याचा अर्थ कुठे थांबावे हे त्या माणसांना कळते; रोग निश्चित नसतो आणि समोरचा माणूस फक्त खोकत असतो, तेव्हा त्यांचे थांबणे सुटते. मग प्रशिक्षणाचा दोन तासांचा वेळ प्रतिजैविकांच्या वर्गीकरणावर घालवून काय साधणार? ‘हा खोकला किती दिवसांचा आहे?’ हा एक प्रश्न प्रत्येक ग्राहकाला विचारण्याची सवय लागली, तर ते अधिक मोलाचे ठरेल. लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक क्षयाच्या रुग्णाला चार-पाच दिवस मिळाले, तर त्याला तात्पुरते बरे वाटते आणि निदान लांबते. त्यामुळे हा प्रश्न केवळ औपचारिक नाही.

कारणे शोधण्यासाठी सुझन मिची, मार्ट्जे फान स्ट्रालेन आणि रॉबर्ट वेस्ट यांनी 2011 साली मांडलेली ‘कॉम-बी’ ही चौकट वापरा. कोणतेही वर्तन घडण्यासाठी क्षमता, संधी आणि प्रेरणा या तिन्ही गोष्टी लागतात, असे ती सांगते. प्रशिक्षण यांतील पहिल्या गोष्टीला मुख्यतः हात घालते. तुमच्या सहा दुकानांत अडचण दुसऱ्या किंवा तिसऱ्या ठिकाणी असावी, असा माझा अंदाज आहे. पण तो अंदाजच आहे, आणि तो तपासणे हे तुमचे काम आहे. म्हणून पहिले तीन महिने प्रश्नावली बाजूला ठेवून पंधरा-वीस फार्मासिस्टांच्या सविस्तर मुलाखती घ्या.

---

जयवंत, कराड

मी संशोधक नाही. सत्तावीस वर्षे काउंटरच्या आत उभा आहे, म्हणून लिहितो.

अदितीताई, तुम्ही पाहिलेला प्रसंग माझ्या दुकानातही घडू शकला असता आणि पूर्वी अनेकदा घडलेला आहे, हे आधी मान्य करतो. येणारा माणूस आजार सांगायला येतच नाही. तो औषधाचे नाव घेऊन किंवा जुन्या पट्टीचा रिकामा तुकडा घेऊन येतो. त्याच्या हातात दिवसाच्या मजुरीतले उरलेले पैसे असतात आणि त्यांतून डॉक्टरांची फी व औषध या दोन्ही गोष्टी भागत नाहीत. मी नाही म्हटले, तर तो रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जातो आणि तिथे त्याला गोळ्या मिळतात. माझे गिऱ्हाईक गेले याचे दुःख असतेच, पण त्याहून जास्त खंत याची वाटते की माझ्या नकारामुळे त्या माणसाच्या पोटात जाणारी गोळी चुकली नाही. नकार एकट्या दुकानाने देऊन चालत नाही, हे मंदार सरांनी सांगितलेल्या ‘संधी’मध्ये बसत असेल तर त्याची नोंद अवश्य घ्यावी.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘चिठ्ठी आणा’ एवढेच बोललो तर माणूस अपमान समजतो. काही वर्षांपूर्वीपासून मी बोलणे बदलले आहे. ताप कधीपासून आहे, दम लागतो का, थुंकीतून रक्त पडते का, आणखी कोणते औषध चालू आहे, एवढे विचारतो. धोक्याचे काही नसेल तर पॅरासिटामॉल देतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगतो आणि तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जायचेच, हे त्याच पाकिटावर लिहून देतो. रिकाम्या हाताने पाठवलेला माणूस समोर जातो, पण विचारपूस करून काहीतरी हातात दिलेला माणूस पुष्कळदा जात नाही, असा माझा अनुभव आहे. हे मला कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले गेले नाही, डी.फार्म.ला औषधांची नावे आणि मात्रा शिकवल्या, नकार कसा द्यायचा हे शिकवले नाही.

बनावट ग्राहकांबद्दल मात्र माझी नाराजी आहे. आमच्यावर पाळत ठेवून आमच्याच चुकांचे आकडे छापायचे आणि आमच्याशी शब्दही बोलायचा नाही, ही वागणूक मला योग्य वाटत नाही. ज्यांच्या परवान्यावर फार्मासिस्टचे नाव आहे, पण काउंटरवर तो कधीच नसतो, अशी दुकाने तुमच्या तीसमध्ये निघाली तर प्रशिक्षण कोणाला देणार, याचाही विचार करा. 1948 च्या फार्मसी कायद्यानुसार औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे, तरी गोळ्या प्रत्यक्षात कोणाच्या हातून जातात हे आधी पाहून घ्या.

---

श्रुती, लीड्स

मी इंग्लंडमध्ये औषधोपचारांच्या सुरक्षिततेवर काम करते. जयवंतकाकांनी समोरच्या दुकानाविषयी जे लिहिले आहे, त्यावर व्हिएतनाममधील हनोई आणि थायलंडमधील बँकॉक येथील खासगी औषध दुकानांत झालेला प्रयोग वाचण्यासारखा आहे. तिथे कायद्याची अंमलबजावणी, प्रशिक्षण आणि समव्यवसायिकांचा परस्परांवरील प्रभाव हे तीन उपाय एकापाठोपाठ एक केले गेले आणि मोजमाप बनावट ग्राहकांकडून झाले. हनोईत विक्रीच्या पद्धती बऱ्याच सुधारल्या, बँकॉकमध्ये फारच थोडा फरक पडला. एका ठिकाणी लागू पडलेला उपाय दुसरीकडे तसाच लागू पडत नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

शेजारी काय करतो याचा परिणाम डॉक्टरांवरही होतो. 2014 साली, प्रतिजैविके सर्वाधिक लिहिणाऱ्या वरच्या वीस टक्क्यांतील सुमारे 1,580 दवाखान्यांवर इंग्लंडमध्ये प्रयोग झाला. त्यांतील निम्म्यांना देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र गेले: तुमच्या भागातील 80 टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी प्रतिजैविके लिहितात. पत्र मिळालेल्या दवाखान्यांत सहा महिन्यांत प्रतिजैविकांचे प्रमाण 3.3 टक्क्यांनी कमी राहिले, म्हणजे प्रतिजैविकांच्या औषधनोंदी (डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलेली औषधे) 73 हजारांहून अधिक कमी झाल्या. आकडा लहान दिसतो. पण खर्च एका पत्राचा होता आणि त्यात प्रशिक्षण मुळीच नव्हते.

मात्र जिथे वर्तन गुंतागुंतीचे असते, तिथे नुसती माहिती परत कळवणे पुरत नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पिन्सर’ या अभ्यासात 72 दवाखाने होते. निम्म्यांना संगणकाने शोधलेल्या धोकादायक औषधनोंदींची यादी आणि लेखी माहिती मिळाली. उरलेल्यांत त्याच यादीवर एका फार्मासिस्टने डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांसोबत बसून चूक का झाली याचा शोध घेतला आणि पाठपुरावा केला. दम्याच्या रुग्णाला बीटा-ब्लॉकर (रक्तदाब व हृदयविकारावरचे, पण दमा वाढवू शकणारे औषध) देणे किंवा जठरव्रण होऊन गेलेल्या रुग्णाला संरक्षक औषधाशिवाय वेदनाशामक देणे, अशा चुका सहा महिन्यांनी दुसऱ्या गटात लक्षणीयरीत्या कमी आढळल्या. माझ्या मते तुमच्या अभ्यासाला यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे सोबत बसणे.

इंग्लंडसारखी औषधनोंदींची केंद्रीय आकडेवारी तुम्हाला मिळणार नाही, तरीही एक मार्ग सुचतो. चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी याद्यांना शेड्यूल एच आणि अधिक कडक असलेली शेड्यूल एच-1 म्हणतात. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-1 मधील औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध आणि ते किती दिले यांची वेगळी वही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. सेफिक्सिम आणि लेव्होफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके त्यात आहेत. अझिथ्रोमायसिन त्यात नाही. ते शेड्यूल एच मध्ये असल्यामुळे त्याला चिठ्ठी लागते, पण ही वही लागत नाही. दुकानदारांचा विश्वास मिळाला, तर सेफिक्सिमची घाऊक खरेदीची बिले आणि शिल्लक साठा यांचा वहीशी मेळ घालून नोंदीबाहेर किती विक्री झाली याचा अंदाज काढता येईल. हे आकडे फक्त त्या त्या दुकानदाराला द्यावेत. अहवालात एकत्रित संख्याच याव्यात.

---

मंदार, पुणे

जयवंतरावांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्यावर उपायही आहे. दुकानदारांची आधी लेखी संमती घ्यावी आणि पुढील तीन महिन्यांत कधीतरी एक बनावट ग्राहक येईल, एवढे त्यांना सांगावे. दिवस आणि तक्रार मात्र सांगू नये. सुरुवातीला लोक सावध राहतात, परंतु दिवसाला शेकडो माणसे येणाऱ्या काउंटरवर ही सावधगिरी फार काळ टिकत नाही. काही अभ्यास अशा पूर्वसंमतीशिवाय, नैतिकता समितीच्या विशेष परवानगीने होतात. विद्यार्थ्यांच्या प्रबंधात मी तसे सुचवणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आधी वाचा आणि समितीकडे अर्ज या महिन्यातच करा, कारण नऊ महिन्यांतील दोन त्यातच जातात.

---

अदिती, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. आज मार्गदर्शकांशी बोलले आणि आराखडा बदलायला त्यांची संमती मिळाली. दुकाने तीसऐवजी बारा घेणार आहे, पण एकाच बाजारपेठेतील, म्हणजे समोरचे दुकानही अभ्यासात येईल. आधी मुलाखती, मग संमतीने प्रत्येक दुकानात दोन बनावट ग्राहक, त्यानंतर बाराही दुकानांतील फार्मासिस्टांची एकत्र बैठक आणि शेवटी पुन्हा दोन ग्राहक. ताप, खोकला आणि घशाच्या तक्रारीसाठी काय विचारायचे आणि चिठ्ठीशिवाय काय द्यायचे, हे त्या बैठकीत त्यांनीच ठरवायचे आहे. तुलनेसाठी वेगळा गट नसल्यामुळे बदलाचे श्रेय बैठकीला ठामपणे देता येणार नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहीन.

जयवंतकाका, पहिली मुलाखत तुमची घेतली तर चालेल का? आणि बैठकीत तुमचे ते पाकिटावर लिहून देणे इतरांना दाखवाल का?

---

जयवंत, कराड

अवश्य या. दुपारी दोन ते चार या वेळेत या, तेव्हा गर्दी नसते. सकाळी दहा आणि संध्याकाळी सातच्या सुमारास कोणत्याही फार्मासिस्टला प्रश्न विचारू नका, उत्तरे घाईची येतील. प्रश्न मराठीत आणा. काउंटरवर माझ्यासोबत दोन मुले काम करतात. गोळ्या त्यांच्याही हातून जातात, म्हणून मुलाखत त्यांचीही घ्या. बैठकीला मी पाकिटे घेऊन येईन.