मदत हवी आहे: सोलरच्या डीसी केबलला ४ स्क्वेअर एमएम पुरेल का? टेबलमधला करंट कितपत धरायचा?

नमस्कार मंडळी, एका वर्कशॉपच्या पत्र्यावर सोलर बसवायचंय आणि डीसी बाजूच्या केबलचं डिझाइन माझ्याकडे आहे. तीन स्ट्रिंग (एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलच्या माळा), प्रत्येकीत १८ पॅनेल, तिन्ही इन्व्हर्टरच्या एकाच एमपीपीटीवर (पॅनेलमधून जास्तीत जास्त पॉवर काढणारा इनपुट) पॅरलल. पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट १४ अँपिअर, चालू करंट १३.२, ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५, आणि मागच्या लेबलवर जास्तीत जास्त फ्यूज २५ अँपिअर लिहिलाय. इन्व्हर्टर एका बाजूने ४५ मीटर लांब.

व्होल्टेजचं मी बघितलंय. १८ पॅनेलचे ८९१ व्होल्ट होतात पण थंडीत ते वाढतात, ५ अंशाची पहाट धरली आणि अंशामागे ०.२५ टक्के, तर ९३६ च्या आसपास जातं. केबल ईएन ५०६१८ या सोलर केबलच्या मानकाची, प्रकार एच१झेड२झेड२-के, १५०० व्होल्ट डीसीची, त्यामुळे तिथे काळजी नाही. केबलमध्ये वाया जाणारं व्होल्टेज, म्हणजे ड्रॉप, पण ठीक आहे, ४ च्या तारेला किलोमीटरला ५.०९ ओहम, जाऊन येऊन ९० मीटर, म्हणजे ६ व्होल्ट, तार तापल्यावर फार तर ८, साधारण १ टक्का.

अडकलेय ती करंटवर. त्याच मानकाच्या टेबलमध्ये ४ स्क्वेअरला एकटी मोकळ्या हवेत असेल तर ५५ अँपिअर आणि दोन केबल चिकटून पृष्ठभागावर असतील तर ४४. सगळे म्हणतात १४ अँपिअरला ४ म्हणजे भरपूर झालं. पण पत्र्यालगत दुपारी ७० अंश धरावे लागतात आणि सहाही केबल एकाच पाइपातून न्यायचं ठरतंय. ४४ गुणिले ०.९२ हा तापमानाचा गुणक, गुणिले ०.७ हा तीन सर्किट एकत्र असल्याचा, २८ च्या आसपास येतं. फ्यूज २५ चा. कागदावर पास. तरी मन मानत नाही हो, खाली दिवसभर माणसं काम करतात आणि ही केबल २५ वर्षं तिथे राहणार आहे. हा हिशोब बरोबर आहे का? आणि सरळ ६ स्क्वेअर घेतली तर प्रश्न सुटतो का?

प्रतिसाद १
शंका अगदी रास्त आहे. त्या टेबलखालची टीप वाचा, भोवतालचं तापमान ६० आणि तांबं १२० अंशावर धरून ते आकडे काढलेत. ही केबल कायमची ९० अंशाची, १२० ला फक्त २०,००० तास चालते, २५ वर्षांचे तास दोन लाखांच्या वर होतात. शिवाय १२० ची तार ज्या कनेक्टरला आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलला जाऊन लागते ते तेवढं सोसणारे नसतात. म्हणून मी ९० वरच डिझाइन करतो. त्यासाठी टेबलच्या करंटला लावायचा गुणक असा: (९० वजा ७०) भागिले (१२० वजा ६०), त्याचं वर्गमूळ साधारण ०.५८. ४४ चे झाले २५.५, त्यावर ०.७ लावला की १८. तुमचा डिझाइन करंट शॉर्ट सर्किट करंटच्या १.२५ पट म्हणजे १७.५, तेवढ्याला ती कशीबशी पुरते पण २५ च्या फ्यूजमागे ही केबल सुरक्षित नाही. ६ घेतली तर टेबलमधल्या ५७ वरून ३३ आणि पाइपात २३, म्हणजे तीही नापास. आणि बंद पाइपात हवा खेळत नाही, तेव्हा खरं चित्र याहून वाईटच.

प्रतिसाद २
फ्यूज टाळता येणार नाही एवढं नक्की. तीन स्ट्रिंग पॅरलल म्हटल्यावर एकीत फॉल्ट झाला की उरलेल्या दोन तिच्यात उलटा करंट ढकलणार, २ गुणिले १४ गुणिले १.२५ म्हणजे ३५, आणि पॅनेलची मर्यादा २५. एसीसारखा डीसी करंट शून्यातून जात नाही, आर्क लागला की आपोआप विझत नाही, त्यामुळे फ्यूज आणि होल्डर दोन्ही डीसीचे आणि तुमच्या ९३६ व्होल्टच्या वरचेच हवेत. इन्व्हर्टरला तीन एमपीपीटी असतील तर प्रत्येक स्ट्रिंग वेगळ्या एमपीपीटीवर टाका ना, मग उलट्या करंटचा प्रश्नच जातो आणि केबलला १७.५ सोसलं की झालं.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार, १२० अंशाची गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. इन्व्हर्टरला दोनच एमपीपीटी आहेत आणि तिन्ही स्ट्रिंग एकावरच ठेवतेय, त्यामुळे फ्यूज राहणार. पाइप रद्द करून जाळीची ट्रे, पत्र्यापासून उचललेली, आणि प्रत्येक स्ट्रिंगची जोडी अंतर ठेवून, असं केलं तर ०.७ निघून जातो. मग ४ ला २५.५ आणि ६ ला ३३. ४ अगदीच काठावर आहे, ६ घेते. प्लस मायनस जोडीने शेजारीच ठेवायच्या ना?

प्रतिसाद १
हो, शेजारीच. त्या लांब ठेवल्या तर मोठा लूप होतो आणि जवळ वीज पडली की त्यात व्होल्टेज भरतं. ट्रेला झाकण नको, पण ऊन थेट लागणार नाही अशी सावलीची बाजू बघा. कनेक्टर एकाच कंपनीचे आणि एकाच मालिकेचे, आत बसतात म्हणून दुसऱ्याचे जोडू नका, तिथेच सगळ्यात जास्त तापतं. बारीक तारांची केबल आहे, टर्मिनलला नेताना फेरूल (तारांच्या टोकावर बसणारी धातूची छोटी नळी) लावून योग्य क्रिंपिंग टूलने दाबा. आणि चालू करायच्या आधी प्रत्येक स्ट्रिंगची इन्सुलेशन टेस्ट घेऊन आकडे लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला तुलना करायला तेच लागतील.