इतवारीतल्या ओट्याचं 'फंक्शन' काय लिहू?

चौथं वर्ष, आर्किटेक्चर :
स्टुडिओसाठी नागपूरच्या इतवारी बाजारातली एक गल्ली मोजून काढली. दुकानं, ओटे, वरची घरं, सगळं मापात. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, सरांनी विचारलं, "या ओट्याचं फंक्शन काय?" मी "दुकानात चढायची पायरी" म्हणालो नि तिथंच अडकलो. वास्तुविशारद बर्नार्ड त्शुमी म्हणतो की जागा, हालचाल आणि घटना एकमेकांपासून तोडून वास्तुकला समजत नाही. पटतं, पण ड्रॉइंगमध्ये आणू कसं?

इतवारीकर :
बाबू, आमचं दुकान तिकडचंच, म्हणून लिहितो. आमचा ओटा अडीच फूट उंच, फरशीची कड बसून बसून गुळगुळीत झालेली. रोज त्यावर पोती उतरतात, दुपारी हमाल डबा खातात. पण तान्ह्या पोळ्याला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शटर खालीच. आई सकाळी सहाला सतरंजी टाकून जागा धरते. मावश्या, वहिन्या, कडेवरची पोरं, पंधरा जण दाटीवाटीनं बसतात. मग "घेऊन जा गे मारबत"ची आरोळी जवळ येते, वळणावर काळी मारबत, मिरवत नेऊन जाळतात तो मोठा पुतळा, दिसते, आणि आमची पोरं तिला तार लागू नये म्हणून बांबू धरून उभी. पुढे नेहरू पुतळ्याजवळ काळी-पिवळीची भेट होते. शेजाऱ्यानं दुकान नवं बांधताना ओटा काढून काच लावली. आता त्याच्या घरच्या बायका आमच्याच ओट्यावर येतात. ते पाहून जीव तुटतो. याला पायरी म्हणशील?

धंतोलीचा आर्किटेक्ट :
काका, अगदी खरं. पण एक फरक सांगतो. मारबत कोणत्या दिवशी निघणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्शुमीला त्यापेक्षा न ठरलेलं हवं होतं. पॅरिसच्या ला व्हिलेत उद्यानात, जुन्या कत्तलखान्यांच्या जागेवर, त्यानं १२० मीटरच्या जाळीवर लाल फोली, म्हणजे छोट्या छोट्या वास्तू, उभ्या केल्या. त्यांचा एकच ठराविक उपयोग ठरवला नाही. 'रूप उपयोगामागून येतं' या अमेरिकी वास्तुविशारद लुई सलिव्हनच्या १८९६ च्या सूत्राला हा सरळ नकार होता.

घटनेतून जागा घडते, याचा नागपुरातला सर्वात मोठा दाखला दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं दीक्षा घेतली, तेव्हा स्तूप नव्हता, मोकळी जागा होती. स्तूप खुला झाला २००१ मध्ये. आधी घटना, ४५ वर्षांनी इमारत. मी तिथं दरवर्षी जातो आणि प्रत्येक वेळी माझ्या शिक्षणातलं काहीतरी डळमळतं.

ड्रॉइंगचं म्हणशील तर एकच सेक्शन (उभा छेद) तीनदा काढ : दुपार, मारबत, रात्र. त्शुमीनंही मॅनहॅटनच्या रेखाटनांत फोटो, प्लॅन आणि हालचालीची आकृती शेजारी-शेजारी ठेवली होती. माणसांची उंचीही मोज. ओटा अडीच फुटांचाच का, ते त्यातून कळेल.

चौथं वर्ष, आर्किटेक्चर :
काका, रविवारी टेप घेऊन येऊ का?

इतवारीकर :
ये. दुपारी ये, हमाल जेवायला बसतात तेव्हा. आणि आईला विचार, सतरंजी कुठून कुठपर्यंत टाकते ते. तिला बरोबर माहीत आहे.