शिकाऊ गिटारवादकाने कॉम्प्रेसर पेडल घ्यावं का? माझं मत: वर्षभर तरी नाही

खर्जवाला (धागाकर्ता)

इलेक्ट्रिक गिटार हातात येऊन सहा महिने होत नाहीत तोच 'कॉम्प्रेसर कुठला घेऊ?' असं विचारणारे बरेच भेटतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठलाच नको.

गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचं हे पेडल करतं काय? आवाज थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या, वर गेला की त्याला दाबतं. रेशो ४:१ असेल तर थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेलेला स्वर बाहेर पडताना फक्त २ डेसिबल वर असतो. मग लेव्हलचा नॉब फिरवून सगळंच वर उचलायचं. ज्याचा पिकचा (तार छेडायच्या पत्तीचा) हात अजून बसलेला नाही, डाउनस्ट्रोक (खालचा फटका) दणक्यात आणि अपस्ट्रोक (वरचा) मेलेला, त्याची पाठ हे पेडल उगाच थोपटत राहतं.

मी स्वतः दीड वर्ष असा फसलो. एकदा पेडलची बॅटरी संपली म्हणून वायर थेट अँपला लावली, तर हॅमर-ऑनमधला (पिक न मारता बोट आपटून काढलेला) दुसरा स्वर ऐकूच येईना. आधी वाटलं अँप बिघडला!

सहावी तार

साफ असहमत. जोरातला फरक झाकला जातो, कबूल. पण बारीक आवाज वर उचलले जातात म्हटल्यावर काय काय वर येतं तेही सांगा की. नीट म्यूट न केलेली (हात टेकवून गप्प न केलेली) शेजारची तार, बोट सरकताना होणारी करकर, सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण, सगळं. थेट अँपवर माझी तिसरी तार मागे वाजत राहते हे मला कधी कळलंच नव्हतं. कॉम्प्रेसर लावला आणि प्रत्येक कॉर्ड सोडल्यावर ती भुतासारखी मागे उरायला लागली. तळहाताने म्यूट करायची सवय मला या पेडलने लावली. कुठलेही क्लासवाले लावू शकले नव्हते.

थेट अँपला

खर्जवाल्यांना +१. आणखी एक मुद्दा सुटतोय. ओव्हरड्राइव्ह (आवाज कुरकुरीत करणारं पेडल) चालू ठेवून गिटारचा व्हॉल्यूम नॉब थोडा कमी केला की आवाज साफ होतो, पुन्हा वाढवला की कुरकुरतो. निम्मी गंमत त्यात आहे. ओव्हरड्राइव्हच्या आधी कॉम्प्रेसर बसवला की नॉब कमी केलेला तो भरून काढतो, आणि ही सोय बरीचशी जाते. नवशिक्याला व्हॉल्यूम नॉबचा उपयोग कळायच्या आधीच तुम्ही तो निकामी करून ठेवताय.

शिवाय ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन मुळातच आवाजाचे शेंडे छाटतात, म्हणजे कॉम्प्रेस करतातच. त्यावर आणखी कॉम्प्रेसर कशाला?

सोळा मात्रा

तुम्ही सगळे पेडलला एकच नॉब असल्यासारखे भांडताय. मी फंकी र्‍हिदम वाजवतो आणि माझ्या मते खरं शिक्षण अटॅक आणि रिलीज या दोन नॉबांत आहे.

अटॅक म्हणजे स्वर थ्रेशोल्ड ओलांडल्यावर दाब बसायला लागणारा वेळ. तो अगदी कमी ठेवला तर पिकचा 'टक्' सुरुवातीलाच चिरडला जातो आणि गिटार ब्लँकेटखालून वाजल्यासारखी लागते. २०-३० मिलिसेकंद दिले तर 'टक्' निसटतो आणि मागची शेपटी तेवढी दाबली जाते. चिकन पिकिनची (कंट्री गिटारच्या तुटक वादनाची) ती टणटण ऐकलीय? तिथे पिकचा घाव आधी कानावर यावा लागतो.

रिलीजचं गणित तर कागदावर करता येतं. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) दोन सोळांशांमध्ये (ठोक्याच्या चौथ्या हिश्शांमध्ये) १५० मिलिसेकंदांचं अंतर असतं. रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, ५०० ठेवलात तर पेडलला दाब सोडायला फुरसतच नाही, पहिला फटका मोकळा आणि पुढचे सगळे गुदमरलेले. हा गुदमरा एकदा कानाने ओळखला की डायनॅमिक्स (आवाजाचा लहानमोठेपणा) म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय समजतं. म्हणून शिकाऊ माणसाने हे पेडल जरूर घ्यावं, पण टोनसाठी नव्हे, कान तयार करायला.

नवा गडी

माझ्याकडे मित्राचा जुना एमएक्सआर डायना कॉम्प आलाय. त्यावर आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी एवढे दोनच नॉब. अटॅक-रिलीज शोधू कुठे? तो लावला की सगळंच भारी वाटतं, त्यामुळे मी सहावी तार यांच्या बाजूने!

सोळा मात्रा

शोधू नका, ते आत कायमचे बसवलेले आहेत. सेन्सिटिव्हिटी वाढवली की दाबही वाढतो आणि सस्टेनही, म्हणजे स्वर जास्त वेळ टिकतो. बॉस सीएस-३ वर लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन असे चार नॉब असतात, मिळालं तर ते एकदा हाताळून बघा.

आणि 'भारी वाटतं' यावर लगेच विश्वास ठेवू नका. थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. आउटपुट असा लावा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाज तेवढाच राहील. मग एकच कॉर्ड जोरात, मग हळू वाजवा. त्यानंतर बोला.

खर्जवाला

सोळा मात्रा, तुमचं गणित बिनचूक आहे, पण ते तुम्ही दहा वर्षं वाजवल्यावर मांडताय. ज्याला सोळांश धड वाजवता येत नाहीत तो रिलीज कशाशी जुळवणार? म्यूटिंगचा मुद्दा मात्र मी विचारात घेतला नव्हता. सहावी तार, तो तुमच्याकडून घेतला. तरी वर्षभर थांबा हे माझं मत कायम.

सहावी तार

घेतलात ना, मग तडजोड करा. ब्लेंड नॉबवालं पेडल असेल तर अर्धा आवाज न दाबता तसाच जातो, हाताचा फरकही दिसतो आणि तुमचं मनही राखलं जातं. बाकी ओव्हरड्राइव्हच्या नंतर कॉम्प्रेसर लावणार्‍यांबद्दल काही बोलत नाही. ओव्हरड्राइव्हची सगळी खरखर उचलून वर आणतात आणि मग नॉईज गेट (खरखर बंद करणारं पेडल) शोधत फिरतात.

थेट अँपला

ब्लेंड म्हणजे 'लावलं पण आणि नाही पण'. चालू द्या.

नवा गडी

आवाज जुळवून बघितला. आउटपुट बराच खाली आणावा लागला. हळू वाजवलेली कॉर्ड दोन्हीकडे जवळपास सारखीच. जोराची मात्र पेडलवर एकदम बसकी झाली, आणि थेट अँपवर माझे अपस्ट्रोक खरंच मेलेले निघाले. फोनवर रेकॉर्ड करून तीनदा ऐकलं. खर्जवाला काका, तुम्ही बरोबर होता. पण पेडल परत करणार नाहीये, रियाज संपल्यावर शेवटची दहा मिनिटं लावतो. एवढं चालेल ना?

खर्जवाला

पाच मिनिटं.