डोमेन (वेबसाइटचं नाव) विकायला ठेवताना लँडिंग पेजवर, म्हणजे तो पत्ता उघडल्यावर दिसणाऱ्या पानावर, किंमत लिहावी की ‘ऑफर द्या’ म्हणावं?

कोथरूडकर:
माझं मत, किंमत लिहा. भोसरीतला छोटा कारखानदार रात्री जेवण उरकून मोबाइलवर कंपनीसाठी नाव शोधतो. हवं ते नाव आधीच गेलेलं, पण विकाऊ असल्याचं पान उघडतं. ‘१,२०,००० रुपये’ दिसले तर तो निदान भागीदाराला फोन लावेल. नुसता ‘ऑफर द्या’चा फॉर्म दिसला तर पान बंद करेल आणि नावाला ‘इंडिया’ नाहीतर ‘पुणे’ जोडून हजाराच्या आसपास नवं डोमेन घेऊन मोकळा होईल. तुळशीबागेत गिऱ्हाईक समोर उभं असतं, घासाघीस करता येते. इथे ते आलं कधी आणि गेलं कधी, आपल्याला कळतसुद्धा नाही.

बाणेरवाला:
अजिबात पटलं नाही. आकडा लिहिला की त्याच्या वर एक रुपया मिळत नाही. २०१९ मध्ये व्हॉइस.कॉम ३ कोटी डॉलरला गेलं. विकणाऱ्या मायक्रोस्ट्रॅटेजी कंपनीने पानावर २० लाख डॉलर लिहून ठेवले असते तर? घेणारा कोण, त्याची गरज केवढी, हे कळल्याशिवाय भाव सांगूच नये. किमान ऑफरचा आकडा मात्र टाका, म्हणजे ‘पाचशेला देता का’ म्हणणारे परस्पर गळतात.

कोथरूडकर:
व्हॉइस.कॉमसारखं नाव इथे कुणाकडे आहे? आपल्याकडे दोन शब्द जोडलेली .कॉम आणि .इन नावं. त्यांचा हिशेब मांडून बघा. सप्टेंबर २०२४ मध्येच .कॉमचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला, वर रजिस्ट्रारचा (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीचा) नफा. शंभर नावं धरली तर नूतनीकरणालाच लाखभर रुपये जातात. वर्षात शंभरातलं एखाद-दुसरं नाव विकलं जातं असा या धंद्यातला ढोबळ अंदाज. म्हणजे ती एक विक्री बाकीच्या नव्याण्णवांना पोसते. वीस हजाराला नाव देणारा वर्षअखेर तोट्यात असतो, आणि ऑफरची वाट बघत बसणाराही. शिवाय ठरलेली किंमत असेल तरच आफ्टरनिक या डोमेन-बाजाराचं फास्ट ट्रान्सफर, म्हणजे विकलेलं नाव झटपट घेणाऱ्याकडे जाण्याची सोय, लागू होतं.

हडपसरची_मी:
एक लाख वीस हजार एकदम काढायला नवा उद्योजक कचरतो. महिना दहा हजारांचे बारा हप्ते लिहा, तोच माणूस तयार होईल.

बाणेरवाला:
हप्ते मध्येच थांबले तर नाव परत मिळतं हो, पण तोवर त्यावरून स्पॅम गेला असेल तर ते डाग कोण धुणार? एवढ्यासाठीच मी हप्त्यांच्या वाटेला जात नाही.

पेठेतला_वकील:
दोघांनाही सांगतो, दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी जुळणारं नाव मुळात विकायला ठेवू नका. डोमेनवरचे वाद सोडवायच्या १९९९ च्या यूडीआरपी या आंतरराष्ट्रीय धोरणात, ट्रेडमार्कवाल्याला खर्चापेक्षा जास्त पैशांत विकायच्या मुख्य हेतूने नाव घेणं हाच दुर्हेतूचा पुरावा धरलाय. किंमत लिहा नाहीतर ऑफर मागा, फरक पडत नाही. .इनसाठी आयएनडीआरपी हे वेगळं धोरण आहे. आणि डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलंय.

बाणेरवाला:
ही सूचना बरोबर. दोन शब्दांच्या नावांना किंमत लावा, तेवढं मान्य करतो. एकशब्दी .कॉम मात्र मी ऑफरवरच ठेवणार.

कोथरूडकर:
ठेवा, पण आलेल्या ऑफरला त्याच दिवशी उत्तर द्या, आणि उत्तरात आकडा सांगा. ‘तुमचं बजेट काय?’ एवढंच विचारलंत तर तोही कारखानदारासारखाच निघून जाईल.